खिंडीतला दगड

त्या राज्यात तळं एकच होतं, तळ्याकडे जाणारी खिंड एकच होती, आणि खिंडीच्या बरोबर मध्ये एक मोठा दगड होता. त्या दगडाला सगळे वैतागले होते.

वैताग खोटा नव्हता. दगड गव्याच्या छातीला लागेल एवढा उंच होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी जेमतेम एकेक जनावर सरकेल इतकीच वाट उरत होती. ससा एकटा आला तर त्याला दगड आहे की नाही हे कळतही नसे. पण कळपाने धावत येणाऱ्याला थांबावंच लागे, आणि पुढचा थांबला की मागे रांग लागे. रांगेत ससेही असत. त्यामुळे दगडाच्या नावाने बोटं मोडण्यात ससेही मागे नव्हते.

दगड तिथे आपोआप आलेला नव्हता. फार पूर्वी डोंगरापलीकडचा एक हत्ती तळं आपलं म्हणायचा. स्वतः क्वचितच यायचा. त्याचे कारभारी यायचे आणि घोटामागे चारा उकळून न्यायचे. पिणाऱ्यांपैकी कुणालाही त्याने कधी काही विचारलं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याला हुसकावलं. त्यात पुष्कळ रक्त सांडलं. आणि मग निवांत बसल्यावर जुन्या मंडळींच्या डोक्यात आलं की हत्ती गेला खरा, पण उद्या आपल्यातलाच कुणी हत्ती झाला तर?

या एका प्रश्नावर ती मंडळी सबंध उन्हाळा भांडली. त्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि हेच त्यांच्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण होतं. भांडून भांडून त्यांनी दगडावर जे कोरलं त्याची पहिली ओळ अशी होती: ‘आम्ही, या पाण्यावर येणारे सगळे.’ खाली बाकीचं. पाणी कुणा एकाचं नाही. कळपांना पाण्यावर नेणारा वाटाड्या दर चार पावसाळ्यांनी बदलायचा. त्याने या दगडापाशी थांबायचं, आपलं काम सांगायचं, सगळ्यांच्या वतीने दगडापाशी बसणाऱ्या बकऱ्यांनी हो म्हटलं तर पुढे जायचं. आणि दगडावर काय लिहिलंय याबद्दल वाद झाला तर कासवाने वाचून सांगायचं. सगळ्यात खाली सगळ्यांची पावलं कोरली.

सगळ्यांची म्हणजे सांबरं सोडून. दगड डोंगरावरून ओढून आणला होता सांबरांनीच, शिंगांना वेलींचे दोर बांधून, आणि त्यात दोन सांबरं मेलीही होती. पण वर ‘सगळे’ हा शब्द कोरला जात होता तेव्हा ती बाजूला उभी होती, कारण त्यांना पाणी मिळे ते दिवस मावळल्यावर, इतरांचं पिऊन झाल्यावर. त्यांचं पाऊल दगडावर आलं ते कितीतरी पावसाळ्यांनंतर, आणि तेही सांबरांना दिवसा पाणी द्यायचं की नाही यावरून राज्यातल्या भावाभावांनी एकमेकांची शिंगं मोडल्यावर. ते पाऊल दगडाच्या अगदी कडेला होतं. जागाच तेवढी उरली होती. ज्या सांबरीच्या खुरावरून ते कोरलं, तिची नात भुरी आता म्हातारी झाली होती.

तर असा हा दगड, आणि त्याच्यापाशी रोजचा खोळंबा. वाटाड्या आला की दगडाजवळची एखादी बकरी विचारी, “काय काम काढलंत?” बकरीचा आवाज तो काय, त्यामुळे वाटाड्याला ऐकायलाही मान खाली घालावी लागे आणि उत्तर द्यायलाही. मग बकऱ्यांची चर्चा. बकऱ्यांचे दोन कळप होते, एक टेकडीवरचा आणि एक उतारावरचा. एकाने गवत हिरवं म्हटलं की दुसऱ्याने ते वाळलेलं म्हणायचंच. तोवर कासव दगडाला वळसा घालून वाचत असे, आणि कासवाचा वळसा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सकाळी निघालेलं जनावर दुपारी पाण्याला लागायचं. बरं, एवढं करून उत्तर बहुधा ‘जा’ असंच यायचं. सगळे दमले होते. बापजाद्यांपासून दमत आले होते.

अशात एका वर्षी पाऊस झाला नाही आणि तळं अर्ध्यावर आलं. त्या वर्षी वाटाड्या म्हणून एक गवा निवडून आला होता. तो मुळात वाईट नव्हता. त्याला थांबायचा कंटाळा होता, एवढंच.

“मी तुम्हाला ऊन चढायच्या आत पाण्यावर पोचवीन,” तो म्हणाला. “पण वाट मोकळी पाहिजे.” मग दगडाकडे बघून त्याने आवाज खाली आणला. “आणि खरं सांगू? एवढ्या थोर दगडाने धुळीत उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने त्याला अंग घासायचं, हे मला बघवत नाही.”

हे बोलणं मोरांना फार आवडलं. मोरांचं दगडावर मनापासून प्रेम होतं. त्याची पहिली ओळ ते सुरात म्हणत. त्यांनी सुचवलं, की पिंपळाखाली चौथरा बांधावा आणि दगड तिथे मानाने बसवावा. कासवाला विचारलं. त्याने सबंध वळसा घालून सांगितलं, “दगडाने कुठे उभं राहावं, याबद्दल दगडावर काही लिहिलेलं नाही.” आणि कुणाच्या आठवणीत नव्हतं असं काहीतरी त्या दिवशी झालं: दोन्ही कळपांतल्या बकऱ्यांचं एकमत झालं. त्या आनंदात कुणी कुणाला ‘का’ म्हणून विचारलं नाही.

भुरी तेवढी म्हणाली, “आहे तिथंच राहू द्या की.”

“आजी, तुमच्याच आजीचं पाऊल आहे ना त्यावर?” गवा म्हणाला. “ते धुळीत राहावं असं वाटतं तुम्हाला?”

तिच्याही घशाला कोरड पडली होती. तिने विषय सोडून दिला. दगड ओढायचं काम सांबरांनाच सांगण्यात आलं. त्यांना सवय होती.

सुरुवातीचे दिवस आनंदात गेले. जनावरं सकाळीच पाणी पिऊन सावलीला जाऊन पडू लागली. चौथऱ्यावर दगडाला तेल आणि शेंदूर लागू लागला, मोर नाचू लागले, जत्रा भरू लागली. शेंदराचा थर वाढत गेला तसं कडेचं सांबराचं पाऊल सगळ्यात आधी बुजलं. ते मुळातच उथळ कोरलेलं होतं.

मग गवे आधी पिऊ लागले, कारण ते आधी पोचत. मग तळ्याचा गार काठ गव्यांचा झाला. टेकडीवरच्या बकऱ्यांना हिरवं कुरण मिळालं तेव्हा त्या गप्प बसल्या. उतारावरच्यांना मिळालं नाही तेव्हा त्या फार बोलल्या, पण बोलायची जागाच राहिली नव्हती. चार पावसाळे सरले. दुष्काळात कुणी वाटाड्या बदलतं का, असं गव्याने विचारलं, आणि प्रश्न बरोबर वाटला. पाचवाही सरला. मग एक दिवस फर्मान निघालं की पाणी कमी आहे, तेव्हा सांबरांनी दिवस मावळल्यावर यावं. पूर्वीही असंच होतं, असंही सांगण्यात आलं.

भुरीची नात नुकतीच व्यायली होती. दिवसभर पाणी नाही, त्यामुळे तिचं दूध आटलं आणि पाडस मान टाकू लागलं. भुरीने ते पाहिलं आणि ती चौथऱ्याकडे गेली. कासव तिथेच दगडाच्या पायाशी होतं.

“कासवबाबा, हे दगडाला धरून आहे का?” तिने विचारलं.

“मुळीच नाही,” कासव म्हणालं. “दगड अगदी स्पष्ट आहे. मी तसं वाचूनही दाखवलं. मोठ्याने वाचलं, भुरे. मोरांनीसुद्धा वा वा केलं.”

“मग?”

“मग काय? गव्याला इथून जावं लागतं का?”

भुरीने दगडाच्या कडेला नाक लावून पाहिलं. शेंदराचा वास आला, पावलाची खळगी लागली नाही. दगड परत खिंडीत नेऊ या, असं ती म्हणाली तेव्हा मोर अंगावर धावून आले. देवाला हात लावायचा नाही, म्हणाले. आणि लावू दिला असता तरी तो चढावर ओढायचं बळ आता कुणा सांबरात होतं? तिला रडू आलं. ते तिने लपवलं नाही.

पहाटे फर्मान न जुमानता ती पाडसाला आणि नातीला घेऊन पाण्यासाठी खिंडीत आली. दगड होता त्या जागी अजून खळगा होता. इतक्या खुरांनी तुडवूनही तो बुजला नव्हता. पाडसाला पुढे चालवेना. भुरीलाही चालवेना. ती खळग्यात बसली. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, पाय दुखत होते.

मागून टेकडीवरची एक म्हातारी बकरी आली. पूर्वी दगडापाशी उभी असायची त्यांतली ती. तिने भुरीकडे पाहिलं, खिंडीच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेजारी बसली. ती बसली म्हणून उतारावरची एक बसली. टेकडीवरचीला एकटीला मोठेपणा का मिळू द्यायचा? मग ससे आले. दोन साळिंदरं आली, अंग चोरून. भुरीशी बोलणं झाल्यावर आदल्या दिवशीच निघालेलं कासव उजाडता उजाडता पोचलं आणि धापा टाकत कडेला टेकलं. जागा तेवढीच उरली होती.

ऊन पडायच्या आधी जमीन हादरू लागली. गवे आले. सगळ्यात पुढे वाटाड्या होता, आणि त्याने वेग कमी केला नाही. धूळ खळग्यापर्यंत येऊन पोचली. भुरीने पाडसाला पोटाखाली घेतलं आणि डोळे मिटले. कुणी उठलं नाही. उठायचं म्हटलं तरी कुणाला उठवलं नसतं.

खुर तिच्या तोंडापाशी येऊन थांबले.

“आजी, ऊठ,” गवा म्हणाला.

“उठवत नाही रे बाबा,” भुरी म्हणाली. “दमले.”

तुडवून जाणं अवघड नव्हतं. गव्याने मागे वळून पाहिलं. मागचे गवे त्याच्याकडे पाहत नव्हते. ते खळग्याकडे पाहत होते, पाडसाकडे पाहत होते, आणि त्यांच्यातला एक, तोही बराच थकलेला, हळूच गुडघे टेकत होता.

मग म्हातारी बकरी खोकली. इतक्या दिवसांत घसा बसला होता तिचा. तिने मोठी जांभई दिली आणि सवयीने विचारलं,

“काय काम काढलंत?”

गव्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने मान खाली घातली.