अनुक्रमणिकेला हाकलणारं पुस्तक

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय माहितीचं पुस्तक वाचायचं नाही. त्या नेमाची ही कहाणी.

फार पूर्वी, झाडपाल्याची माहिती देणारं एक पुस्तक रानात होतं. त्यातले परिच्छेद अनुक्रमणिकेला म्हणाले, "बाई, ज्ञान आम्ही सांगतो, तू नुसती दारात उभी! आणि ही शीर्षकं, या चित्रांखालच्या ओळी, यांचं तरी काय काम?" त्यांनी सगळ्यांना हाकलून दिलं.

मग एका उन्हाळ्यात उपाशी करडाला घेऊन शेळी आली. समोर कण्हेर हिरवीगार होती.

"दादा, हिचा पाला लेकराला चालेल का हो?"

"सगळं आहे आमच्यात! पहिल्या ओळीपासून ऐक," म्हणत परिच्छेद सुरू झाले.

शेळीने पानं चाळली, पण कण्हेर कुठे सापडेना. करडू तर कण्हेरीला तोंड लावायला निघालं.

"थांब रे बाळा! कण्हेरीचं ठाऊक नाही, कागद मात्र पचतो," म्हणून तिने पुस्तकच त्याच्यापुढे सरकवलं.

परिच्छेद अखेरच्या घासापर्यंत सांगतच होते. कण्हेर विषारी असते, हे वाक्य आलं तेव्हा ते करडाच्या तोंडात होतं.

बाळांनो, तुम्हीही हा नेम धरा. आधी अनुक्रमणिकेला विचारा. ती बिचारी लगेच सांगते.