साठ डब्यांचं बिल

मेंगाणे शेठना जीएसटीवर भाषणं ठोकायची भारी हौस. फरसाणाचं दुकान एवढंसं, पण ऐट अर्थमंत्र्याची. त्यांच्या चिवड्याच्या डब्यावरचं चित्र शाल्मलीने काढलं. ती घरी बसून अशी सुटी कामं घ्यायची. तिने बारा हजारांचं बिल दिलं, तर शेठनी पाकिटात नऊ हजार आठशे चाळीसच घातले.

"अठरा टक्के जीएसटी कापला," ते म्हणाले.

"शेठ, माझी जीएसटीची नोंदणीच नाही. मी तो बिलात लावलेला नाही, मग तुम्ही कापला कुठून?"

"पोरी, मला कायदा शिकवतेस?"

शाल्मली पाकीट घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असताना ती आली आणि तिने दोनशे रुपयेवाले साठ डबे मागितले. शेठ खुलले. डबे बांधून झाले, बारा हजारांचं बिल फाडलं, तेव्हा तिने कालचंच पाकीट काउंटरवर ठेवलं.

शेठ नोटा मोजून ओरडले, "दोन हजार एकशे साठ कमी आहेत!"

"जीएसटी कापला."

"अगं, गिऱ्हाईक कुठे जीएसटी कापतं? बिलात जो आकडा असेल तो पुरा मोजायचा!"

"पटलं, शेठ. माझ्या बिलाचं गिऱ्हाईक तुम्ही होतात."

सगळं दुकान खो खो हसलं. शेठनी गल्ला उघडला आणि कापलेले पैसे पाकिटावर ठेवले.

"आणि हे डबे?"

"राहू द्यात," पाकिटासकट पैसे उचलत शाल्मली म्हणाली. "चित्र माझंच आहे, आणि चिवडा मी खाऊन पाहिलाय."