ओल्या हाताचा दोर

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा निनादनं विचारलं, "मग भीती मारायची नाही, तर तिचं करायचं काय, बाबा?"

आम्ही टिटवी सुळक्याच्या पायथ्याशी होतो. निनाद पुण्याचा. एकसष्ट सुळके चढून झालेला. बासष्टाव्यासाठी आमच्या पाड्यावर आला होता, आणि त्याच्या मागून दोरावर जाणार होते आमचे हे, देवजी.

त्यानं विचारलं ते लहानू बाबांना. त्यांनी जन्मभर कड्यावरची आग्या मोहळं काढली. पाड्यात ज्याला ज्याला दोर कळतो, त्याला तो बाबांनीच शिकवला. ह्यांनाही.

"मी रोज उठल्यावर अर्धा तास डोळे मिटून बसतो," निनाद म्हणाला. "कुठं हात, कुठं पाय, सगळा सुळका आधी मनात चढून घेतो. आता पोटात गोळा येतच नाही."

"मग पोटाला काम काय ठेवलंस?" बाबांनी विचारलं.

हे फिसकन हसले. मला नाही हसू आलं. आठ महिन्यांची पोर कडेवर, आणि माझे डोळे वर.

सुळक्याच्या उभ्या भिंतीची मला एवढी धास्ती नव्हती. भिंतीवर सगळे कमरेला दोर बांधून घेतात. पण भिंत संपली की गवताची पट्टी लागते. वीस पावलांची, आडवी, पायवाटेसारखी. तिथं पोचले की चढणारे गाठ सोडून मोकळे चालतात. सोपी आहे ना! खाली दरी मात्र तेवढीच.

घरून निघतानाच मी ह्यांना म्हटलं होतं, पट्टीवर गाठ सोडू नका. तर म्हणाले, "पाहुण्यानं सोडली आणि मी बांधून चाललो, तर काय म्हणेल तो?"

काय म्हणेल! त्याच्या म्हणण्यासाठी माझं घर मोकळं करायचं का?

बाबांनी विचारलं, "पट्टीवर दोर सोडणार हाईस?"

"हो. उगाच वेळ जातो. आणि तिथं पडतंय कोण? शंभरात एखादा. एकसष्ट सुळक्यांवर असल्या जागा मोकळा चाललोय मी. एकदाही घसरलो नाही."

"एकदाही न्हाई?"

"एकदाही नाही."

बाबांनी बंडीच्या खिशातून चिंचोके काढले. मधोमध फोडलेले चार तुकडे. एक बाजू काळी, एक पांढरी. पोरी पटावर खेळतात तसले.

"टाक. चारी पांढरे पडले की तू गेलास."

निनादनं मनात हिशेब केला. शिकलेला माणूस, लगेच म्हणाला, "सोळात एकदा पडतील."

"मग बिनघोर किती वेळा टाकशील?"

"दहा वेळा तरी. आरामात."

टाकले. दोन पांढरे. पुन्हा. एक. पुन्हा. तीन! पुन्हा. एकही नाही. निनाद हसत होता, हेही वाकून बघत होते, आणि मी, काय सांगू, खडकाला टेकून उभी होते ती केव्हा पुढं सरकून चिंचोक्यांवर ओणवी झाले, मलाच कळलं नाही.

सातव्यांदा चारी पांढरे.

"गेलास," बाबा म्हणाले.

"ठीक आहे, ठीक आहे!" निनादनं तुकडे गोळा केले. "एकदा पडायचे ते पडून गेले. आता पुढच्या पंधरा वेळा तरी सुट्टी."

त्यानं टाकले.

चारी पांढरे.

हे "आई गं!" म्हणून उडालेच. पोर दचकून रडायला लागली.

"असं कसं होईल?" निनाद म्हणाला. "लागोपाठ? लागोपाठ कसं होईल?"

"चिंचोक्याला मागचं आठवत न्हाई," बाबा म्हणाले. "दगडालाबी न्हाई. तुझे एकसष्ट तुझ्या ध्यानात हाईत रे बाबा. त्याच्या न्हाईत."

...

निनादनं तुकडे गोळा करून बाबांच्या हातात दिले. मग म्हणाला, "मग मला आणखी घट्ट करा. मन आणखी कसं कसायचं, ते शिकवा. त्यासाठीच आलोय."

"हात दाखव."

त्यानं तळवा पुढं केला. बाबांनी अंगठ्यानं चाचपला.

"कोरडा."

"बघा!" निनाद खूश झाला. "पास ना?"

"पास. तू वर जा."

ह्यांचा हात पाहिला. "ह्योबी कोरडा. तूबी वर जा." मग माझ्याकडं वळले. "सुंदरा, तुझा?"

मी हात लुगड्याला पुसायला लागले, तर म्हणाले, "पुसू नकोस."

तळव्यावर अगदी पाणी होतं. बाबांनी माझा हात निनादसमोर धरला.

"हिचा बघ. तळं झालंय... दोर ही धरंल."

आमच्या पाड्यावर मोहळ काढायला निघाले की असंच करतात. निघण्याआधी सगळ्यांचे हात बघायचे. कोरड्या हाताचा वर, ओल्या हाताचा खाली दोराला. माझ्या बापाचा दोर मी तेराव्या वर्षापासून धरला. तेव्हाही असंच पाणी सुटायचं. पण पोर झाल्यापासून धरला नव्हता.

"बाबा, थांबा," निनाद म्हणाला. "म्हणजे सगळ्यांत घाबरलेल्या माणसाच्या हातात माझा जीव?"

"मग माझ्या हातात देतोस? मला तर झोप येतीय."

हे खाली मान घालून हसायला लागले. निनाद हसला नाही.

बाबांनी पोर माझ्याकडून घेतली आणि मांडीवर बसवली. "माती चोळ हातांना," म्हणाले.

मी कोरडी माती चोळली. दोराचे दोन वेढे अंजनाच्या बुंध्याला घातले, म्हणजे ओढ झाडावर येते, आपण फक्त सोडायचं नाही. निनादनं कमरेला गाठ मारली, भिंतीला दोन्ही हात लावले आणि निघाला.

चढणारा मात्र देखणा! सरड्यासारखा. खडकात ठोकलेली एकेक मेख आली की दोर तिच्यातल्या कडीत अडकवायचा आणि पुढं. मी हात हात दोर सोडत होते. दोर सळसळत वर चालला होता आणि त्याचा प्रत्येक श्वास मला हातात कळत होता. हात ओले, माती चिकटलेली, छातीत नुसते ढोल. भीती होती. पण बसून राहिलेली भीती नव्हती ती. ती कामाला लागली होती! असं मला कधी झालं नव्हतं.

भिंत संपली. तो पट्टीवर उभा राहिला आणि त्याचा हात गाठीकडं गेला.

मी दोर खेचला. ताठ. तसा दोर ताणला की गाठ सुटत नाही.

"वहिनी, ढील द्या!" वरून आवाज आला.

"नाही देत!"

"अहो, इथं गाय चरेल एवढी जागा आहे!"

"चरू दे! पण बांधून चरू दे!"

"अहो पण का?"

काय सांगायचं? मला शिकलेल्यासारखं बोलता येत नाही. खरं तेच ओरडले, "मला भीती वाटतेय!"

सगळ्या खोऱ्यात घुमलं. "वाटतेय... वाटतेय..."

बाबा एवढे हसले की मांडीवरची पोरही हसायला लागली. हात तोंडाशी नेऊन त्यांनी हाक दिली, "तिला भीती वाटतीय रे! चल तसाच पुढं!"

त्याचा हात गाठीवरून निघाला.

मग दोर हलला. मी ढील दिली, लागेल तेवढीच. एक पाऊल. दोन. मी मोठ्यानं मोजत होते. वीस.

वर पोचल्यावर निनाद स्वतः बसला आणि त्यानं ह्यांच्यासाठी दोर धरला. हे भिंत चढून पट्टीवर आले. थांबले. वर निनादकडं पाहिलं. खाली माझ्याकडं पाहिलं. हात कमरेशी गेला...

गाठ आवळून घेतली आणि चालायला लागले.

कोणी काही म्हटलं नाही.

साडेनऊला दोघं खाली उतरले, येतानाही बांधूनच. मी पोरीला घ्यायला हात पुढं केले, तेव्हा कुठं पाहिलं, तळवे सोलवटले होते. हे जवळ आले. त्यांनी माझे हात घेतले आणि बाटलीतलं पाणी त्यांवर ओतत राहिले.

निनाद बाबांसमोर जाऊन बसला.

"बाबा, राग मानू नका, पण एक बोलतो. वीस पावलं जाताना, वीस येताना. दोघांपैकी कोणाचा पाय तसूभरसुद्धा सरकला नाही. दोर नसता तरी काही झालं नसतं."

"बहुतेक नसतंच झालं," बाबा म्हणाले.

"मग?"

...

बाबा उठले. दोराची वेटोळी केली आणि त्याच्या खांद्यावर अडकवली.

"मोटारीपर्यंत तुला तीन पाडे लागतील. कोणी घसरला असता, तर तू सांगायच्या आधी तिन्ही पाड्यांना कळलं असतं. तू दर पाड्यावर थांब, बाया-माणसं गोळा कर, आणि सांगत जा... कोणी दोर सोडला न्हाई, आणि आज टिटवीवर काहीच झालं न्हाई."