शेलारांचं गुठळ्यांचं पिठलं

आंबेतळ घाटाच्या माथ्यावर शेलारांची खानावळ आहे. ताटात बाजरीची भाकरी येते, मटकीची उसळ येते, ठेचा येतो, आणि कडेला, कुणी मागितलेलं नसताना, डावभर पिठलं येतं. त्यात हमखास गुठळ्या असतात. इतकी जुनी खानावळ आणि साधं पिठलं ढवळता येत नाही का, असं एखादा नवखा विचारतोच. मग हात धुवायच्या पिंपाजवळ बसलेले एकनाथबापू शेलार म्हणतात, "येतं की. पण ढवळायचं नाही." आणि थकलेल्या आवाजात ती हकिगत सांगतात.

घाटात डांबर नव्हतं तेव्हा इथे कुडाची एकच झोपडी होती म्हणे. तान्हाबाई आणि रावजी शेलार तिथे वाटसरूंना जेवू घालत. रावजी पाणी वाही, लाकडं फोडी, चूल तान्हाबाईची. चढून आलेल्या माणसाला आधी भाकरी, मग नाव-गाव, अशी तिची रीत. तीस वर्षं तिने वाढलं. तिला कुणी वाढलेलं मात्र तिच्या आठवणीत नव्हतं.

एका उन्हाळ्यात रावजी गेला. खालच्या दोन्ही वाड्यांमधली माणसं आली, त्याला पोचवून परतली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून घरच्यांना कडू घास द्यायचा. पण या वाडीला वाटलं त्या वाडीने दिला असेल, त्या वाडीला वाटलं या वाडीने. शिवाय जिच्या दारात सगळा मुलूख जेवतो ती उपाशी असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. मुलगा आणि सून अस्थी घेऊन लांबच्या नदीकडे गेली, ती लगेच परतणार नव्हती. तान्हाबाई उंबऱ्याशी बसून राहिली. घरात पीठ होतं, पण आपला कडू घास आपणच कसा शिजवायचा? पुढे तर भूकही लागेनाशी झाली. असंच बसल्या बसल्या संपलं तरी चालेल, असं तिला वाटू लागलं, असं सांगतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी, देशावर मीठ विकून परतणारे चार कोकणी गाडीवान थांबले. सुतक आहे, इथे काही मिळायचं नाही, पुढे जा, असं तिने बसूनच सांगितलं. त्यांच्यातला म्हातारा, धाकू त्याचं नाव, त्याने थंड चुलीकडे पाहिलं, तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. घास कुणी दिला, असं विचारलं. 

"शेजारी कोण तुझा, बाय?"

तिने नुसती मान हलवली.

"मग आज आम्हीच शेजारी."

डाळीचं पीठ त्यांच्या गाडीत होतं, मिठाच्या बदल्यात घेतलेलं. पण भात-पेज खाणारी माणसं ती; पिठलं त्यांनी जन्मात केलेलं नव्हतं. तीन दगड मांडून पाणी उकळलं आणि पीठ कोरडंच ओतलं, वरून काठीने घुसळू लागले. तान्हाबाई पाहत होती. तिचे हात शिवशिवत होते. उठायचं बळ नव्हतं.

धाकूने पळसाच्या पानावर वाढून तिच्यापुढे धरलं. तिने घास घेतला. गुठळी दाताखाली फुटली, कोरडं पीठ टाळूला चिकटलं. ती चघळत राहिली, आणि मग म्हणाली,

"पीठ आधी गार पाण्यात कालवायचं असतं, बाबा."

"आम्हाला काय ठाऊक," धाकू म्हणाला. "तू कुठे सांगितलंस?"

तेव्हा ती रडली म्हणे. रडत रडत पान संपवलं, आणि आणखी मागितलं.

तेरावं झाल्यावर चूल पेटली. तान्हाबाईने पहिलं पिठलं केलं ते पीठ कोरडंच ओतून. सून कुरकुरली. तेव्हा ती म्हणाली, घाट चढून येणाऱ्यांतला कोण कुणाला पोचवून आलाय ते तोंडावर लिहिलेलं नसतं. विचारायचंही नसतं. सगळ्यांनाच वाढ.

आता खाली मोठं गाव झालं आहे, शेजार भरपूर आहे. तरी आजही शेलारांच्या घरात कुणी गेलं की कडू घास गावाकडून घेत नाहीत. घाटातून येणाऱ्या पहिल्या गाडीची वाट पाहतात. गेल्या माघात बापूंची बायको गेली, तेव्हा कांद्याचा एक टेम्पो थांबला होता.

त्या टेम्पोवाल्यालाही पिठलं येत नव्हतं का, असं ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतं.

"येत होतं," बापू म्हणतात. "मऊसूत केलं त्याने. घशाखाली उतरेना. शेवटी मीच त्यावर मूठभर कोरडं पीठ टाकलं, आणि जेवलो."