वाटी, गोधडी आणि नाव

एका राज्यात राजा होता, राणी होती आणि राजवाड्यात एक खोली होती. खोलीला कुलूप नव्हतं. कडीला फक्त एक काळा दोरा होता, त्याला तीन गाठी. राणीखेरीज कुणी त्या कडीला हात लावला, तर तो हात मनगटापासून लाकडाचा होई. वाड्यातले दोन नोकर तसे लाकडी हातांनी वावरत होते. लोकांना त्याचं फार नवल वाटत नसे. राजवाडा म्हटला की असं काहीबाही असायचंच.

राजाचं नाव धैर्यसेन, राणीचं शालवती. त्यांची एकुलती एक लेक मंजिरी, घरात मंजी म्हणत. दुधाचे दात पडायच्या आधीच ती तापानं गेली. वैद्य झाले, अंगारे झाले, देव पाण्यात ठेवून झाले. ताप राजाचंही ऐकत नाही.

राणीनं दुःख केलं ते राणीसारखं केलं, म्हणजे हुकूम देऊन. तिनं लेकीची रुप्याची वाटी खोलीत ठेवली. स्वतःच्या जुन्या लुगड्यांची, लेकीच्या पांघरण्याची गोधडी वाटीशेजारी ठेवली. आणि मग फर्मावलं, की आजपासून या राज्यात माझ्या लेकीचं नाव कुणी घ्यायचं नाही. तेही आतच राहील.

मग तिनं डोंगरावरच्या उग्रजट मांत्रिकाला बोलावलं.

"माझ्या लेकीच्या वस्तूंना कुणाचा हात लागू नये. असं बंधन घाल."

मांत्रिक म्हणाला, "घालतो. पण बंधनाला पोट असतं, राणी. ते काहीतरी खाणार."

"खाऊ दे."

काय खाणार, कुणाचं खाणार, हे तिनं विचारलं नाही. मांत्रिकानंही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायची त्यांची रीतच नाही. त्यानं दोऱ्याला तीन गाठी मारल्या आणि तो चालता झाला.

राणी रोज दुपारी त्या खोलीत जाई. गोधडीत तोंड खुपसून बसे. गोधडीला लेकीच्या केसांचा वास होता, तेलाचा आणि धुळीचा. तेवढ्यावर ती जगत होती, आणि तेवढंच तिला पुरेसं वाटत होतं.

खोलीच्या खिडकीसमोर बेहड्याचं झाड होतं. त्याच्या ढोलीत धनेशाच्या जोडप्यानं घर केलं. मादी आत बसली, ढोलीचं तोंड तिनं चिखलानं लिंपून घेतलं. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवली. नर दिवसभर रानात हिंडे, उंबरं आणी आणि त्या फटीतून तिला भरवी. एका दुपारी तो खिडकीवर येऊन बसला.

"राणी," धनेश म्हणाला, "तुझी भिंत फार जाड झाली."

"तुझ्या बाईनंही घातलीच आहे की भिंत."

"घातली. तिच्या आत पिल्लं आहेत. तुझ्या आत काय आहे?"

राणीनं त्याला उशी फेकून मारली. धनेश जरा सरकला.

"मार. पण आधी वेशीजवळच्या धर्मशाळेत जाऊन ये. तुझं बंधन तिथं जेवतंय."

पाखराचं बोलणं मनावर घेऊ नये असं राणीनं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती धर्मशाळेत गेली. सोबत म्हातारी भागाई होती. या भागाईनं मंजीला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. राणी कुणाचं ऐकून घेत असली तर ते फक्त तिचं.

धर्मशाळेत बिनआईबापाची पोरं होती. एक मुलगी दाराशी बसून कोरडी वाटी चाटत होती. भागाईनं तिच्या वाटीत दूध ओतलं. वाटी मुलीच्या ओठाला लागली, आणि दूध तापल्या तव्यावरच्या थेंबासारखं नाहीसं झालं.

"हे कधीपासून?" राणीनं विचारलं.

"तुमची खोली बंद झाली तेव्हापासून, बाई," भागाई म्हणाली. "मुलांच्या वाटीत दूध ठरत नाही. पांघरूण घातलं तर ऊब लागत नाही. आणि पोरांची नावं कुणाला आठवत नाहीत, त्यांची त्यांनासुद्धा. घरोघरी हेच आहे. पण ज्यांना आया आहेत, त्या हातानं घास भरवतात, कुशीत घेऊन निजतात, बाळा म्हणून हाक मारतात. त्यांचं निभतं. यांना वाटीच होती, पांघरूणच होतं, नावच होतं. यांचं सगळंच गेलं."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगायला आले होते ना दोघे, कडी वाजवली त्यांनी. आता वाड्यात लाकडी हातांनी पंखा हलवताहेत."

राणीनं त्या मुलीला विचारलं, "तुझं नाव काय, बाळ?"

"नाही," मुलगी म्हणाली. "तुझ्याकडं खायला आहे?"

राणी तशीच डोंगर चढून मांत्रिकाकडे गेली. पालखी मागे राहिली, भोई मागे राहिले.

"बंधन सोडव."

"मला येत नाही. मागितलं तू, सोडवायचं तू. गाठी तीन आहेत. एक वाटीची, एक गोधडीची, एक नावाची. जे आत ठेवलंस, ते बाहेर पोरांमध्ये जायला हवं. हुकमानं नाही, हातानं." मांत्रिकानं धुनी सारली. "आणि आधीच सांगतो. वाटीला पोचे पडतील. गोधडी मळेल. नाव शंभर तोंडांत उष्टं होईल. चालेल?"

राणी तशीच माघारी वळली. तिचं सगळं दुखणं तिथंच होतं. वाटी झिजली, वास उडाला, नाव रस्त्यावर आलं, तर लेकीचं मागे उरणार काय? एकदा ती तापानं गेली. आता आपल्या हातानं दुसऱ्यांदा घालवायची?

घरी येऊन तिनं राजाला सगळं सांगितलं. राजा भला माणूस. पण दवंडी पिटल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा पिता येत नसे.

"त्यात काय अवघड आहे? तशाच वाट्या घडवू. सोन्याच्या! गावोगाव वाटू. तिची वाटी आपल्यापाशीच राहील, पुण्य लेकीला लागेल."

राणीच्या जिवात जीव आला. तिला हेच हवं होतं. सोनार बसले, वाट्या झाल्या, वाड्यापुढं मांडव पडला, ढोल वाजले. राजानं स्वतःच्या हातानं पहिल्या वाटीत दूध ओतलं. पोरांनी वाट्या तोंडाला लावल्या. सगळ्यांचं दूध एकदम आटलं. मग मांडवात अशी शांतता झाली, की ढोलवाल्यानं आपला ढोल हळूच पाठीमागे लपवला.

बेहड्यावरून धनेश म्हणाला, "दिलंस ते नवं. ठेवलंस ते तिचं. बंधन काही दुधखुळं नाही."

राणी उठली. खोलीत गेली आणि रुप्याची वाटी पदराखाली घेऊन धर्मशाळेत आली. ढोल नाही, मांडव नाही. ती बिननावाची मुलगी दाराशी होतीच. राणीनं वाटी भरली आणि तिच्या ओठाला लावली. अर्धं दूध मुलीच्या हनुवटीवर गेलं. उरलेलं घशाखाली उतरलं.

मुलीनं वाटी फिरवून पाहिली. "हिच्या काठाला कुणीतरी चावलंय."

"माझ्या लेकीनं. दात येत होते तेव्हा."

"जोरात चावलीय," मुलगी कौतुकानं म्हणाली, आणि तिनंही त्याच जागी चावून पाहिलं.

राणीचा हात वाटीकडे गेला. पण वाटी तिनं ओढून घेतली नाही. वाटी पुढच्या पोराकडे गेली, तिथून पुढच्या. त्या दिवसापासून राज्यात मुलांच्या वाटीत दूध ठरू लागलं, आणि खोलीच्या कडीवर पहिली गाठ नव्हती.

गोधडीला मात्र राणीनं फार दिवस घेतले. आज नेऊ, उद्या नेऊ. वाटी ही वाटी असते. गोधडीत लेक होती. शेवटी भागाई म्हणाली, "बाई, थंडी तुमच्यासाठी थांबत नाही." तेव्हा राणी उठली. तिनं गोधडीत एकदा तोंड खुपसलं, पोटभर वास घेतला, आणि जाऊन ती त्या मुलीच्या अंगावर घातली.

पण गाठ सुटली नाही. राणी दिवस उजाडताच धर्मशाळेत धावली. मुलगी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. गोधडी ओली होती. चांगली भिजली होती.

राणीचा हात वर गेला. "अगं, ती माझ्या..."

"मी मुद्दाम नाही केलं," मुलगी म्हणाली. "थंडी होती. गोधडी ऊबच देत नाही."

हात तसाच वर राहिला, मग खाली आला. भागाई पुढे झाली. "द्या इकडं, मी धुते."

"नको. हातानं, म्हणाला होता मांत्रिक. माझ्या."

राणीनं कधी स्वतःचा पदरही पिळला नव्हता. ती गोधडी घेऊन तळ्यावर गेली, रिठ्यानं ती धुतली, दगडावर आपटली. पहिल्या पाण्यात लेकीच्या केसांचा वास उमटला, चांगला ओळखीचा. दुसऱ्या पाण्यात पुसट झाला. तिसऱ्या पाण्यात नुसता रिठ्याचा वास राहिला. राणी तशीच पाण्यात बसून राहिली. मग तिनं गोधडी पिळली आणि बाभळीवर वाळत घातली. उन्हानं गोधडी वाळली आणि दुसरी गाठ गळून पडली. राज्यातल्या पांघरुणांना ऊब आली.

राजानं धर्मशाळेचं छप्पर नवं केलं. भिंती लिंपल्या, दोन गाई बांधल्या. राणी रोज तिथं येई, भागाई येई. राजाही दरबार उरकून येई आणि पोरांना भाकरी कुस्करून देई. पहिल्यांदा त्याला ते जमेना. तुकडे मोठे होत. पोरं म्हणत, "राजा, बारीक कर." मग तो बारीक करी, दवंडी न पिटता. लांबलांबची पोरं येऊ लागली. कुणाला आई नव्हती, कुणाला डोळे नव्हते, कुणाला घरच्यांनी वाटेत सोडलं होतं. सगळ्यांना "ए" आणि "अगं" याशिवाय हाक नव्हती.

नाव तेवढं सुटत नव्हतं.

राजानं ठरवलं, की या घराला लेकीचं नाव द्यायचं. कारभाऱ्याला बोलावलं. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. राजानं स्वतः प्रयत्न केला. त्याची जीभ टाळ्याला चिकटली. सगळे राणीकडे बघू लागले. फर्मान तिचंच होतं.

राणी दाराशी उभी राहिली. नाव घशापर्यंत आलं, ओठाशी आलं आणि माघारी गेलं. रोज ती ठरवून उभी राही आणि रोज तेच होई. ती वाड्यातल्या त्या खोलीच्या खिडकीशी जाऊन धनेशाला म्हणाली, "जड झालंय ते. उचलत नाही."

"तू ते समाधीवर ठेवल्यासारखं उचलतेस," धनेश म्हणाला. "ती जिवंत असताना कशी उचलत होतीस?"

राणीला ते काही उमगलं नाही. ती चिडून निघून आली.

एके दिवशी राणीनं धर्मशाळेची ओसरी स्वतः सारवली. सारवण अजून ओलं होतं, ती हात धुवायला वाकली होती. तेवढ्यात ती बिननावाची मुलगी तळ्यावरून आली. दोन्ही मुठींत खेकडे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. आली ती थेट ओसरीवर, नुकत्या सारवलेल्या जागेवर धपधप पाय उमटवत. राणीनं हे पाय पूर्वी पाहिले होते. वाड्याच्या फरशीवर, देवघराच्या उंबऱ्यावर, धुतल्या चादरीवर. आणि विचार करायच्या आत तिच्या तोंडून जुनी, रोजची, वैतागलेली हाक गेली.

"मंजे! पाय धू आधी!"

मुलगी जागच्या जागी थांबली. मागे वळून रागानं म्हणाली, "मी मंजी नाही. मी ठकी!"

मग ठकीनंच तोंडावर हात घेतला. हातातला खेकडा सुटून ओसरीवरून पळाला. "मी ठकी," ती हळूच पुन्हा म्हणाली. "भागाई, मी ठकी आहे!"

आतून दुसरं पोर ओरडलं, "मी रायबा!" तिसरं ओरडलं, मग चौथं. गावातून बायांच्या हाका ऐकू येऊ लागल्या, एकीत एक मिसळलेल्या, कुणी आळीतून, कुणी मळ्यातून. राजवाड्यात कडीचा दोरा गळून पडला. दोन नोकरांचे हात हातांसारखे झाले. त्यांनी आधी काय केलं असेल, तर पाठ खाजवून घेतली.

राणी ओसरीवर बसली होती, सारवणात माखून. ठकी जवळ आली.

"मंजी कोण?"

"माझी लेक." नाव बाहेर आलं होतं, आणि ते मोडलं नव्हतं, झिजलं नव्हतं. "तुझ्यासारखीच घाणेरड्या पायांची. वाटी तिची, गोधडी तिची. हे घरही तिचंच."

"मग ती रागावेल, आम्ही राहतो म्हणून?"

"तिच्या ओसरीवर असे पाय आणलेस तर ती रागावणार नाही. मी रागावेन. ऊठ, धू आधी."

ठकी पाय धुवायला गेली. बेहड्यावर धनेशाच्या बाईनं चोचीनं भिंत फोडली आणि आपली पिल्लं उजेडात आणली. धनेश खिडकीवर आला. पण आता त्या खोलीत कुणीच नव्हतं. दार सताड उघडं होतं.

तेव्हापासून त्या राज्यात कुणाचं पोर उघडं पडलं, की लोक म्हणतात, "मंजीच्या घरी न्या." भाजीवाल्या म्हणतात, गुराखी म्हणतात, भांडणारी पोरंही म्हणतात. दिवसभर ते नाव तोंडोतोंडी फिरत असतं, आणि राणी ते ऐकत भाकऱ्या थापते.

त्या घराच्या दाराशी पाण्याचा रांजण आहे. पाय धुतल्याशिवाय आत कुणाला सोडत नाहीत. राजालाही नाही.