दहा पावलांवर समुद्र

सोनबर्डीचे महाराज हवापालटासाठी नारळांच्या बेटावर आले. मुक्काम कुठेही चालेल, पण पलंगापासून समुद्र बरोबर दहा पावलांवर हवा, असा त्यांचा हुकूम होता. कारभाऱ्याने स्वतः पावलं मोजून तंबू ठोकला. वामकुक्षी आटोपून महाराज बाहेर येतात तो काय, ओहोटी लागलेली आणि समोर नुसता चिखल!

"आमचा समुद्र कुणी हलवला?" महाराज गरजले. ओहोटीचं नाव काढायची एकाचीही छाती झाली नाही. "उद्या समुद्र जागचा हलणार नाही अशी जागा दाखवा. नाहीतर हा अख्खा कोळीवाडा बेटावरून उठवतो!"

कोळीवाडा हादरला. चांगुणा कोळीण मात्र म्हणाली, "जागा आहे. पलंग तेवढा द्या."

सकाळी तिने पलंग आपल्या मोठ्या होडीत चढवला, वर महाराजांना बसवलं आणि होडी खोल पाण्यात नांगरली. पलंगापासून होडीच्या टोकापर्यंत बरोबर दहा पावलं. भरती आली, ओहोटी आली, समुद्र तसूभरही लांब गेला नाही. महाराजांची सकाळची बासुंदी मात्र दुपारच्या आत त्याला मिळाली.

"अगं बाई, ही जागा हलतेय!" होडीची कड घट्ट धरून महाराज कण्हले.

"सरकार, दोघांपैकी एकाला हलावंच लागतं," चांगुणा शांतपणे म्हणाली. "समुद्राला तुमचा हुकूम सांगितला. पण तो इथला जुना रहिवासी, ऐकेना. म्हणून पाहुण्यांना हलवलं."

मग तिने वल्हं उचललं, पण पाण्यात घातलं नाही.

"कोळीवाडा राहतोय ना, सरकार?"