खारीचं झोकदार अक्षर

जांभूळवनात पाट्या रंगवायचं काम खारीकडे होतं, तेव्हाची ही गोष्ट. ती जांभळाच्या रसात शेपटी बुडवायची आणि दोन फटकाऱ्यांत लिहून मोकळी व्हायची. अक्षरं अशी झोकदार, की वाचणाऱ्याचे पाय थिरकायला लागायचे. माकडाचं चिंचेचं दुकान असो की सशांकडचं बारसं, पाटी खारीचीच.

एकदा तळ्यात मगर राहायला आली. तिला पाहिलेले काही जण घाबरून म्हणाले, "खारूताई, काठावर लिही, 'तळ्यात मगर आहे.'"

साळिंदरआजोबा म्हणाले, "ही पाटी मी लिहितो. माझ्या काट्याची अक्षरं ताठ आणि रुक्ष असतात, पण इथे तशीच हवीत."

"तुमची पाटी वाचून झोप येते, आजोबा!" म्हणत खारीने शेपटी फिरवली. शेवटी बाजूला दोन फुलंही काढली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर ही गर्दी! पिल्लांना घेऊन आलेली सशीण विचारत होती, "खेळ किती वाजता आहे हो?"

तेवढ्यात पाणी उसळलं. साळिंदरआजोबांनी ओरडून सगळ्यांना मागे हाकललं म्हणून निभावलं. सशिणीचं धाकटं पिल्लू मात्र शेपटीचे चार केस मगरीच्या दातांत ठेवूनच परतलं.

ओशाळलेली खार पाटी पुसायला गेली, तर मगरीने पाण्यातून डोकं वर काढलं.

"पुसतेस कशाला गं? इतकं सुंदर अक्षर मी जन्मात पाहिलं नाही. पलीकडच्या काठावरही एक लाव ना!"

एवढं कौतुक खारीचं आजवर कुणीच केलं नव्हतं. ती तडक साळिंदराकडे पळाली.

"आजोबा, ती पाटी तुम्हीच लिहा."